दोन लाख चौदा हजारांची वसुली: निवृत्त पोलिसांच्या संघटनेकडे आलेलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. १९८७ साली मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झालेले एक गृहस्थ ३१ मे २०२२ रोजी सहायक पोलीस उपनिरीक्षक, म्हणजे आपल्या बोलण्यातले एएसआय, म्हणून निवृत्त झाले. त्याआधी महिनाभर, एप्रिलमध्ये, त्यांच्या हातात एक आदेश पडला. २००१ पासून आपणास एक वेतनवाढ जादा अदा झाली आहे, सबब २,१४,३८६ रुपये आपल्या उपदानातून (म्हणजे ग्रॅच्युइटीतून) वसूल करण्यात येतील. सोबत चार ओळींचं छापील सहमतीपत्र होतं: ‘वसुलीस माझी हरकत नाही.’ त्यांनी सही केली. ऑगस्टमध्ये उपदान आलं ते तेवढं कापूनच.

नाव, बक्कल नंबर, पोलीस ठाणं काही सांगत नाही. काही तपशील मुद्दाम पुसट ठेवलेत. इथे त्यांना मामा म्हणतो. नाहीतरी मुंबईत खाकीतल्या माणसाला तीच हाक.

आमची संघटना म्हणजे मध्य मुंबईतली तळमजल्यावरची एक खोली, दोन कपाटं, प्लास्टिकच्या बारा खुर्च्या आणि शनिवारी दुपारी तीन ते सहा ही वेळ. बाहेरून बघणाऱ्याला हे निवृत्तांचं गप्पाष्टक वाटतं आणि बऱ्याच शनिवारी ते तसंच असतं. पण या खोलीला एक पार्श्वभूमी आहे, ती सांगायला हवी. नोकरीतल्या पोलिसाला इतर सरकारी कर्मचाऱ्यासारखी युनियन करता येत नाही. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला तो हक्क आखडता घेण्याची मुभा दिली आणि १९६६ च्या कायद्याने तो आखडला गेला. मुंबईत तर १८ ऑगस्ट १९८२ ची आठवण अजून जिवंत आहे. पोलिसांच्या संघटनेच्या नेत्यांना पहाटे पकडलं, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं, आणि नंतर संघटनेची मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली. मामांच्या बॅचने त्यानंतर पाच वर्षांनी भरती होताना पहिला धडा घेतला तो हाच, की तक्रार करायची नाही. तो धडा पस्तीस वर्षं टिकतो. म्हणूनच सहमतीपत्र पुढे आल्यावर त्यांनी ‘का?’ विचारलं नाही, ‘कुठे?’ विचारलं. सही कुठे करू.

निवृत्त झालेल्या माणसावर ते बंधन उरत नाही. त्यामुळे संघटना त्याची युनियन नसली तरी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी असते. आता बोलायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र आम्हालाही या प्रकरणात उशिरा कळलं.

आम्ही आधी काय चुकलो

मामा सप्टेंबर २०२२ मध्ये आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आदेशाची झेरॉक्स. खुर्चीवर बसेनात. “साहेब, बसायचं राहू द्या, तुम्ही फक्त बघा,” म्हणाले. मी पीएसआय म्हणून निवृत्त झालोय, माझी नोकरी नाकाबंदी आणि बंदोबस्तात गेली. सेवापुस्तक मी स्वतःचंही कधी नीट उघडलं नव्हतं. पण अन्याय दिसला की आमच्यासारख्यांचं रक्त तापतं. आम्ही त्याच आठवड्यात लेटरहेडवर दीड पानाचं पत्र काढलं. त्यात ‘ऊन-पाऊस न पाहता’, ‘गणपती ते निवडणूक’, ‘कुटुंबाची राखरांगोळी’ असं सगळं होतं. नियम एकही नव्हता. शिष्टमंडळ एका वरिष्ठ अधिकाऱ्याला भेटलं, पुष्पगुच्छ दिला, फोटो काढला. त्यांनी चहा पाजला आणि “बघतो” म्हणाले.

उत्तर डिसेंबरमध्ये आलं, एका ओळीचं: वेतन पडताळणी पथकाच्या आक्षेपानुसार कार्यवाही करण्यात आली आहे. पत्र वाचून आम्ही भडकलो. आज मागे वळून बघताना म्हणतो, उत्तर बरोबर होतं. आम्ही विचारलंच होतं तेवढं. दया मागणाऱ्या पत्राला नियमाने उत्तर देता येतं, नियमाच्या पत्राला एका ओळीत उडवता येत नाही.

या तीन महिन्यांत मामांचं बदलापूरचं घर गेलं. नायगावच्या पोलीस लाइनीतली सरकारी खोली निवृत्तीनंतर सोडायची होती. सवलतीची मुदत संपल्यावर तिथे राहिलं तर दंडात्मक भाडं चढतं. त्यांनी बदलापुरात वन बीएचके बघून इसार दिला होता आणि उरलेली रक्कम उपदान हातात आलं की देणार होते. दोन लाख कमी पडले. जावयाकडे मागायचं मामांना जमलं नाही. मालकाने दिवाळीपर्यंत थांबून दुसऱ्याला घर दिलं, इसारही परत केला नाही.

पत्र्याची ट्रंक

आमच्यात एक अण्णा आहेत. ते पोलीस नाहीत, पोलीस कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गणपतीला कोकणात गेले होते ते भातकापणी उरकून थेट डिसेंबरात परतले. त्यांनी आमचं दीड पानी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि मामांना विचारलं, “दुय्यम सेवापुस्तक आहे का घरी?”

सेवापुस्तकाची दुसरी प्रत कर्मचाऱ्याकडे असावी अशी पद्धत आहे. बहुतेकांकडे ती नसते, असली तर कोरी असते. मामांनी ट्रंक आणलीच. पत्र्याची, काळ्या रंगाची, झाकणावर पांढऱ्या अक्षरात बक्कल नंबर. आत भरतीच्या वेळचा फोटो, दोन बक्षिसांचे कागद, एका मुलीच्या शाळेचा दाखला, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दुय्यम सेवापुस्तक. २००४ पर्यंतच भरलेलं. पण आम्हाला हवं होतं ते पान २००१ चं.

त्या पानावर काय होतं ते जरा थांबून सांगतो, कारण सगळं प्रकरण त्या पानात आहे. १ ऑक्टोबर १९९४ पासून राज्यात कालबद्ध पदोन्नती योजना लागू झाली. एकाच पदावर बारा वर्षं काढली आणि वर जागा रिकामी नाही, तर पद तेच ठेवून वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची. मामांना ती १९९९ मध्ये मिळाली, त्या वेळी वेतननिश्चिती झाली, एक वाढ पडली. २००१ मध्ये ते खरोखर पोलीस नाईक झाले. कालबद्ध योजनेत लाभ एकदा घेतला की त्याच पदावर प्रत्यक्ष बढती मिळताना पुन्हा वेतननिश्चितीचा लाभ मिळत नाही. पण त्या वर्षी त्यांच्या कार्यालयाने तो पुन्हा दिला. लिपिकाने लिहिलं, अधिकाऱ्याने सही केली, शिक्का मारला. ती एक जादा वाढ मग सहाव्या वेतन आयोगात गुणली गेली, सातव्यात परत गुणली गेली, महागाई भत्ता तिच्यावर चढत राहिला. सुरुवातीला महिन्याला शे-दीडशे असणारा फरक शेवटी मूळ पगारातच सोळाशे रुपयांचा झाला. ५२,००० च्या जागी ५३,६००. एकवीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक पडताळणीला गेलं तेव्हा आलं.

अण्णांनी त्या पानावर बोट ठेवलं आणि मामांना विचारलं, “हे तुम्ही मागितलं होतं? अर्ज केला होता?” मामा म्हणाले, “अण्णा, मी तेव्हा पायधुनीला रात्रपाळीला होतो. पगार किती झाला ते मला बायकोने सांगितलं.”

अण्णांना हवं होतं ते हेच. चूक आहे, पण ती कार्यालयाची. माणसाने काही लपवलेलं नाही, खोटं सांगितलेलं नाही.

वसुली वेगळी, दुरुस्ती वेगळी

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात चुकून जादा दिलेला पगार कधी वसूल करता येणार नाही याच्या परिस्थिती सांगितल्या. कर्मचारी गट क किंवा गट ड मधला असेल तर. निवृत्त झालेला असेल किंवा वर्षभरात होणार असेल तर. जादा रक्कम आदेशाच्या आधी पाच वर्षांहून जास्त काळ दिली गेली असेल तर. आणखी दोन आहेत, त्यांचा इथे संबंध नाही. एएसआय गट क मध्ये येतो, आदेश निवृत्तीच्या महिनाभर आधीचा, आणि रक्कम एकवीस वर्षांची. मामा तिन्ही खणांत बसत होते. २०२२ च्या मे महिन्यात थॉमस डॅनियल या केरळमधल्या शिक्षकाच्या प्रकरणातही न्यायालयाने तोच सूर धरला: फसवणूक नसेल तर निवृत्ताकडून वसुली नको.

इथे संघटनेचं सगळ्यात अवघड काम सुरू होतं आणि ते सरकारशी नाही, आपल्याच माणसाशी असतं. त्याला अर्धं सत्य सांगून चालत नाही. अण्णांनी मामांना समोर बसवून सांगितलं, की गेलेले दोन लाख चौदा हजार परत मिळू शकतात, पण ती वेतनवाढ परत मिळणार नाही. चूक पुढे चालू ठेवा असं कुठलंही न्यायालय म्हणत नाही. पगार ५२,००० धरला जाणार, निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं म्हणजे २६,८०० ऐवजी २६,०००, आणि ते आठशे रुपये आणि त्यावरचा महागाईचा भाग जन्मभर गेला. मामा गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे चूक त्यांची, आणि आठशे माझे.” या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

खोलीतल्या दोघातिघांना हे सांगणंच पटलं नाही. “आधीच हार का मानायची? दोन्ही मागू, एक तरी मिळेल.” मला स्वतःला अण्णांचं पटलं. दोन्ही मागणारा अर्ज वाचणाऱ्याला लोभी वाटतो आणि खरी बाजू त्यात बुडते. ज्या संघटना प्रत्येक सभासदाला ‘आपण जिंकणारच’ सांगतात, त्यांच्याकडे गर्दी असते, निकाल नसतात. हे जरा कडू वाटेल, पण बारा वर्षं या खोलीत काढल्यावर बोलतोय.

वचनपत्राची अडचण

माहिती अधिकारात पूर्ण सेवापुस्तकाची प्रत मागवली. दोन रुपये पान, सव्वाशे पानं. ती आली तेव्हा आमच्या पोटात गोळा आला. २००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची निश्चिती होताना सगळ्यांनी जे वचनपत्र दिलं होतं ते त्यात होतं: जादा प्रदान झाल्याचं आढळल्यास ते परत करण्यास मी बांधील आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात म्हटलं आहे की असं वचन लिहून देणाऱ्याकडून वसुली होऊ शकते.

वकिलांकडे गेलो. तेही पोलिसाचेच पुत्र, संघटनेच्या लोकांकडून टायपिंग आणि झेरॉक्सपुरतेच पैसे घेतात. त्यांनीही मान हलवली. अण्णांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. वचनपत्र २००९ चं आहे आणि ते सहाव्या आयोगाच्या निश्चितीत चूक झाली तर, असं म्हणतं. चूक २००१ ची आहे. सहाव्या आयोगाची निश्चिती स्वतः बरोबरच झाली, फक्त तिच्या पोटात आधीची चूक आली. जगदेव सिंग हे न्यायिक अधिकारी होते, गट क मधले नव्हते. आणि एप्रिल २०२२ चं सहमतीपत्र? ते आदेशासोबतच घेतलेलं, निवृत्तीची कागदपत्रं अडतील या भीतीने दिलेलं. ते देणाऱ्याच्या सहीला किती अर्थ द्यायचा हे न्यायाधिकरणाने ठरवावं, असं अर्जात सरळ लिहिलं. लपवलं नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये मामांच्या सहीने अभिवेदन, म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः खात्याकडे मांडलेलं लेखी म्हणणं, गेलं. या वेळी दीड पानच, पण प्रत्येक परिच्छेदात सेवापुस्तकाचा पान क्रमांक. राखरांगोळी नाही, पुष्पगुच्छ नाही. सहा महिने थांबलो, उत्तर नाही. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, मूळ अर्ज दाखल झाला. तिथे मुदतीचं गणित महत्त्वाचं असतं. आदेशापासून वर्षाच्या आत जायचं, किंवा अभिवेदन दिलं असेल तर सहा महिने वाट पाहून पुढच्या वर्षभरात. आमचं सप्टेंबर २०२२ चं भावनिक पत्र संघटनेच्या नावाने होतं, मामांच्या सहीचं नव्हतं, म्हणून ते अभिवेदन धरता आलं नसतं. अण्णा आणखी चार महिने कोकणात राहिले असते, तर मुदतच गेली असती.

सुनावण्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. तारखा पडल्या, सरकारी पक्षाने दोनदा वेळ मागितली, मामा प्रत्येक तारखेला नरिमन पॉइंटला हजर राहिले. वकील म्हणायचे यायची गरज नाही, तरी यायचे. कोर्टात कसं उभं राहायचं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तीस वर्षं त्यांनी आरोपी आणले होते. फक्त बाकाची बाजू बदलली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल झाला. वसुली रद्द, रक्कम तीन महिन्यांत परत, वेतनाची दुरुस्ती कायम. वसूल केलेल्या रकमेवर व्याज मागितलं होतं, ते मिळालं नाही. पैसे जानेवारी २०२५ मध्ये खात्यात आले. बदलापूरचे भाव तोवर वर गेले होते. मामांनी वांगणीला एक खोली घेतली.

संघटनेने यात नेमकं काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगायला फार नाही. मोर्चा नाही, उपोषण नाही. एक माणूस सेवापुस्तक वाचू शकत होता, एक वकील कमी पैशात उभा राहिला, आणि कुणीतरी दर शनिवारी मामांना “काय झालं पुढे?” असं विचारत राहिलं. या तिन्हींपैकी शेवटचं लोकांना किरकोळ वाटतं. मला वाटत नाही. मे २०२४ मध्ये मामा अर्ज मागे घ्यायला निघाले होते. “साहेब, जाऊ द्या, खात्याविरुद्ध लढतोय असं वाटतं.” त्या दिवशी कुणी कायदा सांगितला नाही. चहा झाला, पावभाजी झाली, आणि एका निवृत्त हवालदाराने त्यांना दादरला गाडीत बसवून दिलं.

यानंतर आमच्याकडे अशी वसुलीची आणखी माणसं आली. सगळ्यांना मामांचा निकाल दाखवून चालत नाही. एकजण पीएसआय होते, म्हणजे गट ब, तिथे पहिला मुद्दा गळतो. एकाची चूक सहाव्या आयोगाच्या निश्चितीतलीच होती, तिथे वचनपत्र आडवं आलं. एकजण तर स्वतःच खोटं जातप्रमाणपत्र दिलेले निघाले. त्यांना आम्ही हात जोडले.

एक गोष्ट राहिली. डिसेंबरच्या त्या शनिवारी ट्रंक उघडी असताना अण्णांनी मामांचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेशही मागितला होता, सवयीने. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या रकान्यात मामींचं नाव माहेरचं होतं. लग्न नवीन असताना भरलेल्या नामनिर्देशनातलं, तसंच पुढे सरकत आलेलं. आधार आणि बँकेत सासरचं. जन्मतारखेच्या जागी रेघ. मामा उद्या गेले असते, तर मामींना पहिली सात वर्षं किंवा मामांच्या पासष्टीपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, शेवटच्या पगाराच्या निम्मं आणि पुढे तीस टक्के मिळायला हवं होतं. त्याऐवजी त्यांना आधी हे सिद्ध करत बसावं लागलं असतं, की त्या म्हणजे त्याच. विवाह नोंदणी झालेली नव्हती. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, आधार, जुन्या कार्यालयाचं पत्र आणि महालेखापालांकडे प्रस्ताव, असं करत साडेतीन महिन्यांत दुरुस्ती झाली. दोन लाख चौदा हजारांच्या धांदलीत हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

दुरुस्तीचा कागद घ्यायला मामी स्वतः आल्या होत्या, पहिल्यांदाच. नाव दोनदा वाचलं, बोटाने, अक्षर अक्षर. मग म्हणाल्या, “याच्या दोन झेरॉक्स काढून द्या.” एक मामांच्या पिशवीत गेली. दुसरी त्यांनी घडी करून स्वतःच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि चेन ओढली.